हरवलेले खाडे आणि सेशनची फाइल

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना खाडा म्हणजे काय हे सांगायला नको. पण हा अंक घरीही वाचला जातो आणि स्टाफमधले बरेच जण रोज घरून डबा आणतात, म्हणून एका ओळीत सांगते. गावी जाताना जितके दिवस मेसमध्ये जेवणार नाही त्यांची आधी नोंद करायची, म्हणजे महिन्याच्या बिलातून ते दिवस वजा होतात. ही नोंद म्हणजे खाडा. पूर्वी त्यासाठी मेसच्या दारात वही असायची आणि दोरीला बांधलेला पेन असायचा, बहुतेक वेळा रिफिल संपलेला. मग आमच्या आधीच्या एका बॅचने वहीच्या जागी वेब ॲप्लिकेशन आणलं. पायथॉनमध्ये, फ्लास्क वापरून. मोबाइलवर महिन्याचं कॅलेंडर उघडतं, तारखांवर टिक करायची आणि शेवटी 'जमा करा' दाबायचं. रात्री दहाला मेसवाल्या काकांना उद्याच्या जेवणाऱ्यांची यादी मिळते. सोपं काम.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आणि पाठोपाठ महालक्ष्म्यांच्या सुट्टीत हे सोपं काम बिघडलं. गावाहून परत आलेल्यांच्या बिलात खाडे कमी दिसू लागले. कुणी पाच दिवसांची टिक केली होती, बिलात तीनच दिवस वजा. कुणाचे सगळे जमा, कुणाचा एकच मधला दिवस गायब. दिवसाचे शंभर रुपये धरले तरी दोन दिवसांचे दोनशे होतात. दोनशे रुपयांत बीड किंवा परभणीच्या मुलीचं घरी जाण्याचं एसटीचं तिकीट निघतं, त्यामुळे ही रक्कम सोडून द्यावी अशी नव्हती.

भांडण व्हायचं ते झालंच. रेक्टर मॅडमचं म्हणणं, "टिक करायला विसरता आणि मग कॉम्प्युटरवर ढकलता." मुलांच्या हॉस्टेलवर वेगळीच हवा : काकांनी कुणाकडून तरी पासवर्ड मिळवलाय आणि ते रात्री खाडे पुसतात. काका बिचारे सगळ्यांना शपथा घालत फिरत होते. हे सॉफ्टवेअर सध्या मी सांभाळते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मोर्चा माझ्या खोलीवर आला. त्यानंतरच्या चार संध्याकाळी जे केलं ते इथे लिहिते आहे. तुमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आज ना उद्या हे दुखणं येणार आहे, आणि पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं.

आधी संशय कमी केले

पहिला प्रश्न असा : नोंद आली आणि नंतर कुणी पुसली, की ती आलीच नाही? या दोन गोष्टींचा शोध वेगवेगळ्या दिशांनी करावा लागतो, पण लोक घाईत दोन्ही एकत्र करतात. डेटाबेसच्या खाडे टेबलमध्ये प्रत्येक ओळीला आपोआप चढता क्रमांक मिळतो. मधली ओळ पुसली तर तो क्रमांक कायमचा रिकामा राहतो. आमच्याकडे रद्द केलेला खाडाही पुसत नाहीत, त्याच्यापुढे फक्त 'रद्द' अशी खूण होते. मी त्या पंधरवड्याचे क्रमांक ओळीने तपासले. एकही खंड नव्हता. म्हणजे कुणी काही पुसलं नव्हतं, हरवलेले खाडे डेटाबेसपर्यंत पोहोचलेच नव्हते. काका सुटले. हे त्याच रात्री मी नोटीस बोर्डावर लावलं, कारण एखाद्यावर चोरीचा आळ असताना उरलेला शोध पूर्ण होईपर्यंत गप्प बसणं मला बरोबर वाटलं नाही.

मग 'जमा करा' दाबल्यावर काय होतं ते कोडमध्ये पाहिलं. विद्यार्थ्याने केलेली प्रत्येक टिक लगेच सर्व्हरला जाते आणि तिथे त्याच्या सेशनमधल्या यादीत पडते. 'जमा करा' ही यादी सेशनमधून उचलतं आणि डेटाबेसमध्ये ओतून देतं. या ओतण्यात काही चूक नव्हती. म्हणजे ओतण्याच्या क्षणी यादीच अपुरी होती. संशय सेशनवर आला.

सेशन म्हणजे काय, थोडक्यात

एचटीटीपीची अवस्था 'गजनी'मधल्या आमिर खानसारखी आहे. मागच्या रिक्वेस्टमध्ये कोण आलं होतं हे पुढच्या रिक्वेस्टला आठवत नाही. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाताना आपण चपला ठेवून बिल्ला घेतो, तसंच हे आहे. बिल्ला आपल्याजवळ, म्हणजे ब्राउझरच्या कुकीत. चपला त्यांच्या खणात, म्हणजे सर्व्हरवर. बिल्ला दाखवला की खण उघडतो.

फ्लास्कमध्ये मुळात खण नसतो. सगळी माहिती सही करून कुकीतच परत पाठवली जाते, म्हणजे चपला हातात घेऊनच दर्शन! खण हवा असेल तर फ्लास्क-सेशन नावाचं एक्स्टेन्शन जोडतात. ते माहिती सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये, एकेका बिल्ल्यामागे एकेक फाइल अशी ठेवू शकतं. आमच्याकडे हीच सोय होती. फाइलचं नाव म्हणजे 'सेशन:' हा शब्द आणि त्यापुढे बिल्ल्याचा क्रमांक, यांचा एमडी५ हॅश. त्यामुळे फोल्डर उघडलं की बत्तीस अक्षरांची अगम्य नावं दिसतात आणि नवीन माणूस तिथेच घाबरतो. घाबरू नका. आपण स्वतः लॉगिन करा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून आपल्या कुकीतला क्रमांक घ्या, त्याचा हॅश पायथॉनमध्ये दोन ओळींत काढा. आपली फाइल कोणती ते कळतं. सगळ्या फोल्डरवर नजर ठेवण्यापेक्षा एका फाइलवर ठेवावी.

मी माझ्या फाइलवर नजर ठेवली आणि पहिल्याच मिनिटात चमत्कार दिसला. खाड्याचं पान उघडं होतं, मी कशालाही हात लावला नव्हता, मोबाइल टेबलावर पडलेला. तरी फाइलची वेळ दर दहा सेकंदांनी बदलत होती.

फाइल बदलण्याची साधी कारणं

इथे थोडं थांबते, कारण सेशनची फाइल बदलण्याची बरीच कारणं निरुपद्रवी असतात आणि ती माहीत नसली की माणूस भलत्याच मागे लागतो.

त्या फोल्डरमध्ये २०२९२४० या आकड्यांनी सुरू होणारी एक फाइल असते. ती कुणाचीच नसते. खालची कॅशलिब लायब्ररी एकूण किती फाइली झाल्या याचा आकडा तिच्यात ठेवते. ती बदलत राहणारच. आमच्या एका मित्राने या फाइलला व्हायरस ठरवून ती पेन ड्राइव्हवर 'पुरावा' म्हणून नेली होती!

दुसरं, काही बदल आपण न सांगता होतात. 'खाडा जमा झाला' असा हिरवा पट्टा एकदा दिसून जातो ना, त्याला फ्लॅश मेसेज म्हणतात. तो सेशनमध्ये ठेवलेला असतो आणि पान दाखवताना तिथून काढला जातो. म्हणजे नुसतं पान बघण्यानेही सेशन बदलतं. फॉर्मच्या सुरक्षेसाठी फ्लास्क-डब्ल्यूटीएफ जे टोकन वापरतं तेही सेशनमध्येच जाऊन बसतं. जँगोमध्ये लॉगिन झालं की सेशनची किल्लीच बदलते, त्यामुळे तिथे फाइलींचं सेशन वापरत असाल तर जुनी फाइल जाऊन नवीन येते. हे मुद्दाम केलेलं आहे, कुणी आधीच आपला बिल्ला दुसऱ्याच्या खिशात सरकवून ठेवला असेल तर तो निरुपयोगी व्हावा म्हणून.

तिसरं, फाइली नाहीशा होणं. कॅशलिबमध्ये मुळात पाचशे फाइलींची मर्यादा असते. त्यापेक्षा जास्त झाल्या की ती छाटणी सुरू करते, आणि मुदत न संपलेल्या फाइलीही त्यात जाऊ शकतात. दोन हॉस्टेल, प्रत्येकाचा मोबाइल आणि शिवाय लॅबमधलं मशीन, एवढ्यात पाचशे सहज होतात. आमची मर्यादाही मूळचीच होती, म्हणून ती वाढवली. पण हरवलेल्या खाड्यांचं कारण हे नव्हतं. छाटणीत फाइल गेली तर माणूस लॉगआउट होतो, त्याला पुन्हा पासवर्ड विचारला जातो. तक्रार करणाऱ्यांपैकी कुणीही लॉगआउट झालं नव्हतं. खण जागेवर होता, त्यातली एकच चप्पल गेली होती.

चौथं कारण प्रोजेक्टवाल्यांनी खास लक्षात ठेवावं. सेशनमधल्या यादीत नुसतं अपेंड केलं तर फ्लास्कला किंवा जँगोला बदल झाल्याचं कळत नाही. त्यांचं लक्ष सेशनच्या वरच्या किल्ल्यांवर असतं, आतल्या यादीच्या पोटात काय झालं याकडे नसतं. सेशनची 'मॉडिफाइड' ही खूण आपण स्वतः ट्रू करावी लागते. गंमत अशी, की त्याच रिक्वेस्टमध्ये एखादा फ्लॅश मेसेजही असला तर त्याच्या निमित्ताने सगळं सेशन लिहिलं जातं आणि आपली यादीही वाचते. म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत एक्स्टर्नलसमोर हमखास दिसतो. आमच्या एक्स्टेन्शनची आवृत्ती मात्र प्रत्येक रिक्वेस्टच्या शेवटी, बदल असो वा नसो, पूर्ण सेशन लिहीत होती. त्यामुळे हेही कारण बाद. पण 'प्रत्येक रिक्वेस्टच्या शेवटी पूर्ण सेशन' हे शब्द डोक्यात राहू द्या.

कोण लिहितं?

दर दहा सेकंदांनी फाइल कोण बदलतं हे फाइलकडे बघून कळत नाही. लिनक्सवर आयनोटिफायवेट नावाचं साधन आहे, ते फोल्डरमधली प्रत्येक हालचाल सांगतं. मी ते लावलं तर 'बदलली' असं कधी दिसेचना, 'इथे हलवली' असं दिसे. कारण कॅशलिब जुन्या फाइलवर लिहीत नाही. आधी तात्पुरती फाइल पूर्ण लिहिते आणि मग एका झटक्यात तिचं नाव बदलून जुनीच्या जागी ठेवते. जँगोसुद्धा असंच करतं. याचा फायदा म्हणजे वाचणाऱ्याला अर्धवट लिहिलेली फाइल कधी मिळत नाही. याच सोयीमुळे आमचे सीनियर निर्धास्त होते असं कोडमधल्या एका कमेंटवरून दिसतं : 'लिहिणं ॲटॉमिक आहे, काळजी नाही.'

आयनोटिफायवेट केव्हा ते सांगतं, कोणी ते सांगत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने लिहिणारा एकच : आपला सर्व्हर. कोणी ते कळायला ॲप्लिकेशनच्या आत शिरावं लागतं. फ्लास्कमध्ये सेशन उघडण्याचं आणि जपून ठेवण्याचं काम एक सेशन इंटरफेस करतो. त्याच्यावरून मी पंचवीस ओळींचा एक क्लास लिहिला. त्याने काम तेच करायचं, फक्त उघडताना आणि जपताना एकेक ओळ लॉगमध्ये टाकायची : वेळ, प्रोसेस क्रमांक, कोणता पत्ता मागितला, सेशन क्रमांकाची शेवटची चार अक्षरं, आणि त्या क्षणी यादीत कोणत्या तारखा आहेत.

'आफ्टर रिक्वेस्ट' हुकमध्ये हे का केलं नाही, असं कुणी विचारेल. फ्लास्क ते हुक आधी चालवतं आणि सेशन त्यानंतर जपतं. म्हणजे तिथे आपण लिहिण्याच्या आधीची स्थिती बघतो. शिवाय सेशन क्रमांक पूर्ण कधीही छापू नका. तो क्रमांक ज्याच्या हाती लागला तो पासवर्डशिवाय तुमच्या नावाने आत शिरतो, आणि हॉस्टेलवर लॉगची फाइल वाचायला उत्सुक मंडळी कमी नाहीत. तसंच, उत्सुकतेपोटी सेशनच्या फाइली पिकलने उघडून बघत असाल तर स्वतःच्या सर्व्हरवरच्याच उघडा. पिकलची फाइल उघडताना तिच्यातला कोड चालू शकतो. दुसऱ्याने दिलेली पिकल फाइल उघडणं म्हणजे अनोळखी माणसाने दिलेला पेढा खाणं.

लॉग लावला आणि एक मुलगी तिच्या मोबाइलवर तारखा टिक करत बसली. साताठ मिनिटांनी हे सापडलं :

२१:४१:०७ — प्रोसेस ३१०२ — घंटी — वाचलं : १२
२१:४१:०८ — प्रोसेस ३१०५ — टिक १३ — वाचलं : १२
२१:४१:०८ — प्रोसेस ३१०५ — टिक १३ — लिहिलं : १२, १३
२१:४१:०९ — प्रोसेस ३१०२ — घंटी — लिहिलं : १२

या चार ओळी दोनदा वाचा. सगळं प्रकरण यात आहे.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात घंटीचं चित्र आहे. नवीन नोटीस आली की त्यावर लाल ठिपका येतो. त्यासाठी पान दर दहा सेकंदांनी मागच्या मागे सर्व्हरला विचारतं. घंटी नोटिसा दुसऱ्या सर्व्हरवरून आणते आणि संध्याकाळी गर्दी असली की त्याला दोन-तीन सेकंद लागतात. सेशनमध्ये ती फक्त 'शेवटची नोटीस कधी पाहिली' एवढं लिहिते. खाड्यांशी तिचा काडीचाही संबंध नाही. पण तिने सुरुवातीला पूर्ण सेशन वाचलं, तेव्हा यादीत फक्त १२ तारीख होती. ती नोटिसांची वाट बघत असताना मुलीने १३ वर टिक केली, दुसऱ्या प्रोसेसने ती नोंदवली. मग घंटीचं काम संपलं आणि तिने तिच्याजवळचं, दोन सेकंदांपूर्वीचं, पूर्ण सेशन परत लिहिलं. १३ गेली. मोबाइलवर मात्र १३ ची टिक तशीच, कारण ती ब्राउझरने रंगवलेली. मुलगी समाधानाने 'जमा करा' दाबते. मुलगी खरं बोलते, मॅडमच्या स्क्रीनवर दिसतं तेही खरं.

ऑफिसातल्या उदाहरणाने सांगते. गेटपासच्या रजिस्टरचं एकच पान आहे. दोन क्लार्क त्याची एकेक झेरॉक्स काढून आपापल्या टेबलावर नेतात. एक जण झटपट एक नाव वाढवतो आणि आपली झेरॉक्स रजिस्टरमध्ये चिकटवतो. दुसरा चहा पिऊन येतो, स्वतःचं नाव वाढवतो आणि त्याच जागी आपली झेरॉक्स चिकटवतो. पान कुठेही फाटलेलं नाही, खाडाखोड नाही, अक्षर सुवाच्य. फक्त पहिल्याने लिहिलेलं नाव नाही. सीनियरांच्या कमेंटमधला 'ॲटॉमिक' शब्द खरा होता, पण तो चिकटवण्यापुरता. झेरॉक्स काढल्यापासून चिकटवेपर्यंतचा सगळा वेळ उघडा होता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात रेस कंडिशनवर आपण जे आठ मार्कांचं उत्तर लिहितो त्यातला हा 'लॉस्ट अपडेट'.

मग आधीची दोन वर्षं का चाललं? गनिकॉर्न हा सर्व्हर मुळात एकच वर्कर चालवतो, आणि तो एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो. घंटी नोटिसा आणत असताना टिक रांगेत उभी राहायची. पान रडतखडत चालायचं, पण खाडा हरवत नव्हता. त्या जूनमध्ये 'पान फार स्लो आहे' या तक्रारीवरून वर्कर एकाचे चार करण्यात आले. पान पळू लागलं आणि खाडे हरवू लागले. वर्कर वाढवण्यात काही गैर झालं असं मला वाटत नाही. खड्डा आधीपासून होता, गाडी हळू होती म्हणून जाणवत नव्हता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळेच एकदम टिक करायला बसले, घंटी आणखी मंदावली, आणि खड्डा रुंद झाला.

खात्री करण्यासाठी टेस्टिंगच्या कॉपीवर घंटीच्या कोडमध्ये मुद्दाम पाच सेकंदांची झोप घातली. मग पाहिजे तेव्हा, हुकमी, खाडा हरवून दाखवता येऊ लागला. रेक्टर मॅडमना बोलावून त्यांच्याच मोबाइलवर दाखवला. मॅडम दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मुली खोटं बोलत नव्हत्या."

उपाय, आणि जे उपाय वाटतात ते

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो म्हणजे 'रेडिस वापर'. फाइली टाकून सेशन रेडिसमध्ये ठेवलं तर वेग येतो, छाटणीचा प्रश्न सुटतो. पण तिथेही पूर्ण सेशनचं एकच गाठोडं वाचलं जातं आणि एकच गाठोडं परत ठेवलं जातं. कपाट बदललं, पद्धत तीच. फ्लास्कच्या मूळ कुकीवाल्या सेशनमध्येही सुटका नाही, तिथे सर्वांत शेवटी पोहोचलेली कुकी जिंकते. जँगो मुळात बदल झाला असेल तेव्हाच लिहितं, त्यामुळे धोका कमी होतो. पण आमची घंटी तर दर वेळी बदल करत होती.

दुसरा सल्ला कुलपाचा. पीएचपी फाइलींच्या सेशनला आपोआप कुलूप लावतं. सेशन उघडल्यापासून स्क्रिप्ट संपेपर्यंत दुसऱ्या रिक्वेस्टला ते मिळत नाही. आपल्याकडे झॅम्पवर पीएचपी शिकून मग पायथॉनकडे आलेले बरेच आहेत, त्यांना हा दोष कधी भेटलाच नाही याचं कारण हे. पायथॉनमध्ये चेरीपाय असं कुलूप लावतं. आपण फ्लास्कमध्येही लावू शकतो, मात्र ते वाचण्याआधी लावून लिहून झाल्यावर काढावं लागतं. फक्त लिहिताना लावलं तर काही उपयोग नाही, झेरॉक्स तर आधीच निघालेली असते. पण आमच्या बाबतीत कुलूप लावणं म्हणजे पुन्हा प्रत्येक टिकने घंटीची वाट बघणं. जूनच्या आधीचीच रडकथा.

आम्ही केलं ते असं. घंटीची 'शेवटची नोटीस' डेटाबेसमध्ये हलवली आणि घंटीने सेशन लिहायचंच नाही अशी सोय केली. एवढ्याने बहुतेक गळती थांबली, पण सगळी नाही. कारण दोन टिका झटझट केल्या तर त्या दोन रिक्वेस्टही एकमेकींवर लिहू शकतात. म्हणून तारखांची यादीच सेशनमधून काढली. आता मसुद्याचं वेगळं टेबल आहे, त्यात विद्यार्थी आणि तारीख अशी एक ओळ, आणि या जोडीवर युनिकचं बंधन. टिक केली की एक ओळ येते, काढली की तेवढीच ओळ जाते. कुणीही पूर्ण यादी वाचून पूर्ण यादी परत लिहीत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या टिकेवर पाय पडण्याचा प्रश्न येत नाही. सेशनमध्ये उरलं ते 'हा कोण आहे' एवढंच. तपासणीसाठी एका स्क्रिप्टने महिन्याच्या तिसही तारखा एकदम, समांतर पाठवल्या. जुन्या पद्धतीत दर वेळी वेगळा आणि तिसापेक्षा कमी आकडा यायचा. नव्या पद्धतीत तीसच्या तीस, कितीही वेळा करा.

हा प्रकार फक्त कॉलेजच्या प्रोजेक्टात होतो असं समजू नका. मार्च २०२१ मध्ये गिटहबने सगळ्या वापरकर्त्यांना एकदम लॉगआउट केलं होतं. त्यांच्या रूबीतल्या कोडमध्ये थ्रेडच्या अशाच शर्यतीमुळे अगदी क्वचित एकाचं सेशन दुसऱ्याच्या ब्राउझरला जात होतं. २० मार्च २०२३ ला चॅटजीपीटी काही तास बंद ठेवावं लागलं, कारण काहींना परक्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसत होती. तिथे दोष रेडिसशी बोलणाऱ्या एका पायथॉन लायब्ररीत निघाला. मध्येच रद्द झालेल्या रिक्वेस्टचं उत्तर कनेक्शनमध्ये पडून राही आणि पुढच्या भलत्याच माणसाला मिळे. आमचा प्रकार यापेक्षा खूप साधा. आमच्याकडे कुणाचं काही दुसऱ्याला दिसलं नाही, आपलंच आपल्याला मिळालं नाही.

राहता राहिले पैसे. इथे सीनियर मंडळींचे आभार मानायला हवेत. त्यांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक रिक्वेस्टचा रोल नंबर आणि पत्ता लॉगमध्ये लिहिण्याची सोय केली होती, आणि टिक केलेली तारीख पत्त्यातच असायची. म्हणजे टिक सेशनमधून पुसली गेली तरी ती झाली होती याची खूण लॉगमध्ये शिल्लक होती. जूनपासूनच्या सगळ्या टिका काढल्या, ज्यांनी नंतर टिक परत काढली ती वजा केली, आणि डेटाबेसमधल्या खाड्यांशी ताळा केला. फरकाची यादी एका पानात मावली. त्यातले काही जण असे निघाले की ज्यांनी तक्रारच केली नव्हती, त्यांना वाटलं आपणच विसरलो असू. रेक्टर मॅडमनी त्या पानावर सही केली आणि पुढच्या बिलात ते दिवस वजा झाले. काकांनी त्या दिवशी गुलाबजाम केले होते, पण ते यासाठी होते की गुरुवार होता म्हणून, हे नक्की सांगता येत नाही.

लॉगिंगचा तो पंचवीस ओळींचा क्लास लॅबच्या सर्व्हरवर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. हवा असेल त्याने घ्यावा. वापरताना यादीच्या जागी तुमच्या सेशनमधली जी किल्ली हरवते तिचं नाव घाला, आणि काम झाल्यावर लॉग बंद करायला विसरू नका, डिस्क भरते.